मागच्या इंजिनाचा हट्ट : पोर्शे ९११ ची साठ वर्षे

१९७२ च्या मॉडेलची पोर्शे ९११ पाहिली तर उजव्या दाराच्या मागे, पत्र्यात बसवलेले एक छोटे झाकण दिसते. ते इंजिन ऑइलचे. पेट्रोलपंपावरच्या पोरांना ते कुठून कळणार? त्यांनी झाकण उघडून ऑइलच्या टाकीत पेट्रोल सोडल्याचे किस्से ९११ चे शौकीन आजही रंगवून सांगतात. वर्षभरातच ते झाकण गेले आणि टाकी पुन्हा मागच्या चाकापलीकडे, आपल्या जुन्या जागी गेली.

टाकी पुढे आणली होती ती मात्र हौसेने नव्हे. या गाडीचे इंजिन मागच्या ॲक्सलच्याही मागे लटकलेले असते. सगळा भार शेपटीला. तेव्हा जे जे हलवता येईल ते चार बोटे पुढे सरकवायचे, एवढाच त्यामागचा हिशेब. इंजिन हलवायचे नाही आणि बाकी काहीही बदलायची तयारी ठेवायची, हा खटाटोप साठ वर्षे चालला आहे. त्या काळात आठ पिढ्या झाल्या, दहा लाखांहून जास्त गाड्या बाहेर पडल्या आणि जवळपास प्रत्येक पिढीच्या वेळी एकच वाद नव्याने पेटला : काय काय बदलले तरी ९११ ही ९११ च राहते? हायब्रिड ९११ रस्त्यावर आल्यापासून त्या वादाला पुन्हा धार आली आहे.

बीटलच्या गोतावळ्यातून

मागे इंजिन ठेवण्याची कल्पना शर्यतीसाठी निघालेली नव्हती. ती फोक्सवागन बीटलची. फेर्डिनांड पोर्शे यांनी आखलेल्या त्या लोकांच्या गाडीचे सुटे भाग घेऊन त्यांचे चिरंजीव फेरी पोर्शे यांनी १९४८ मध्ये ऑस्ट्रियातल्या ग्म्युंड या गावी ३५६ उभी केली. मागे चार सिलिंडरचे, हवेने थंड होणारे इंजिन, वर गोलसर पत्रा. युद्धानंतरच्या टंचाईत जे हाताशी होते त्यातून घडलेली ही गाडी होती.

तिची वारसदार सप्टेंबर १९६३ मध्ये फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनात आली. फेरी यांचे थोरले चिरंजीव फेर्डिनांड अलेक्झांडर, घरचे 'बुत्सी', यांनी तिचा आकार रेखाटला होता. आत दोन लिटरचे, सहा सिलिंडरचे, १३० हॉर्सपॉवरचे इंजिन. सिलिंडर समोरासमोर आडवे, तीन इकडे, तीन तिकडे. या मांडणीला बॉक्सर म्हणतात, कारण पिस्टन मुष्टियोद्ध्यांसारखे एकाच वेळी बाहेर जातात आणि आत येतात. गाडीचे नाव होते ९०१. मधोमध शून्य असलेल्या तीन आकडी नावांवर फ्रान्समध्ये आपला हक्क आहे, अशी हरकत प्यूजो कंपनीने घेतली आणि शून्याच्या जागी एक आला. तोवर ९०१ म्हणून ८२ गाड्या बनून झाल्या होत्या.

मागच्या इंजिनाचा फायदा-तोटा आपल्याकडे रिक्षात बसणाऱ्याला आणि टाटा नॅनो चालवलेल्याला थोडाफार ठाऊक असतो. पण नॅनोला १३० हॉर्सपॉवर सांभाळायचे नव्हते. ९११ चे जवळपास साठ टक्के वजन मागच्या चाकांवर पडते. त्यामुळे वेग घेताना चाके रस्त्याला घट्ट धरतात, आणि ब्रेक दाबला की वजन पुढे सरकत असल्याने चारही चाके कामाला लागतात. घोळ होतो वळणावर. वेगात वळण घेताना चालक दचकला आणि त्याने ॲक्सिलरेटरवरचा पाय झटकन काढला, की मागची चाके हलकी होतात आणि जड शेपटी लंबकासारखी बाहेर झोकली जाते. इतर गाड्यांत पाय काढणे ही सावधगिरी ठरते. जुन्या ९११ मध्ये तीच चूक होती.

वजनाशी झटापट

हे कंपनीला सुरुवातीपासून ठाऊक होते. पहिल्या काही वर्षांतला एक उपाय तर अगदी घरगुती म्हणावा असा : पुढच्या बंपरच्या दोन्ही टोकांत आतून प्रत्येकी ११ किलोची वजने ठोकून दिली. स्पोर्ट्स कारमधून किलोकिलो वजन घटवायचे आणि तिच्याच नाकात २२ किलो कोंबायचे! १९६९ च्या मॉडेलपासून खरा इलाज झाला. मागची चाके ५७ मिलिमीटर मागे नेली आणि दोन ॲक्सलमधले अंतर वाढले. फरक अडीच इंचाहूनही कमी, पण गाडीचा स्वभाव बराच निवळला. तोवर मॉन्टे कार्लोची रॅली जिंकून तिने नावही कमावले होते.

१९७२ च्या शेवटी आलेली कॅरेरा आरएस २.७ ही पुष्कळांच्या मते या घराण्याची सर्वांत देखणी लेक. शर्यतीचे नियम पाळण्यासाठी ५०० गाड्या विकणे भाग होते आणि विक्री विभागाला तेवढ्या खपतील याचीही खात्री नव्हती. प्रत्यक्षात १,५८० बनल्या. हलकी आवृत्ती हजार किलोंच्या आत, ताकद २१० हॉर्सपॉवर, आणि मागे बदकाच्या शेपटीसारखा वर वळलेला पत्रा. ती शेपटी शोभेची नव्हती. वेगात मागचा भाग हवेने उचलला जाऊ नये म्हणून ती होती. म्हणजे पुन्हा शेपटीचाच बंदोबस्त.

मग आली टर्बो. १९७३ च्या तेलसंकटाने सगळे जग पेट्रोल वाचवत असताना पोर्शेने १९७४ च्या पॅरिस प्रदर्शनात २६० हॉर्सपॉवरची ९११ टर्बो मांडली. एक्झॉस्टच्या झोताने पंखा फिरणार आणि तो इंजिनात जास्त हवा कोंबणार, हे तत्त्व शर्यतीत सिद्ध झाले होते. पण पंखा गती घेईपर्यंत काही क्षण जात, आणि मग सगळी ताकद एकदम अंगावर येई. ती नेमकी वळणाच्या मध्यावर आली तर काय होईल, हे वर सांगितलेच आहे. इंग्रजीत तिला विधवा करणारी गाडी असे टोपणनाव पडले. १९७४ पासूनच अमेरिकेतल्या धडकेच्या नियमांसाठी सर्व ९११ ना भाता असलेले जाड बंपर लागले आणि 'आता ती पूर्वीची राहिली नाही' ही तक्रार मोठ्या आवाजात ऐकू येऊ लागली.

भिंतीवरची रेघ

त्या तक्रारीशी खुद्द कंपनीचे प्रमुखही सहमत होते, फक्त उलट्या अर्थाने. एर्न्स्ट फुअरमान यांच्या मते मागच्या इंजिनाची, हवेने थंड होणारी गाडी आता म्हातारी झाली होती. आवाजाचे आणि धुराचे नियम तिला जगू देणार नाहीत, असा त्यांचा कयास होता. त्यांनी वारसदार उभा केला : १९७७ ची ९२८. पुढे पाण्याने थंड होणारे आठ सिलिंडरचे इंजिन, मागे गिअरबॉक्स, वजन दोन्हीकडे जवळपास सारखे. १९७८ चा युरोपातला 'कार ऑफ द इयर' हा मान तिला मिळाला. गाडी म्हणून तिच्यात खोट काढणे अवघड होते. गिऱ्हाईक मात्र ९११ च मागत राहिले.

१९८१ मध्ये जर्मनीत जन्मलेले आणि अमेरिकेत वाढलेले पीटर शुट्झ कंपनीच्या गादीवर आले. त्यांनी स्वतः पुढे अनेकदा सांगितलेला प्रसंग असा : तांत्रिक प्रमुख हेल्मुट बॉट यांच्या खोलीत प्रत्येक मॉडेलच्या भविष्याचा तक्ता भिंतीवर टांगलेला होता. बाकीच्या मॉडेलांच्या रेघा लांबवर गेलेल्या, ९११ ची १९८१ ला संपलेली. शुट्झ यांनी मार्कर उचलला, ती रेघ कागदाच्या कडेपर्यंत ओढली, आणि कागद संपल्यावर तशीच भिंतीवरून दाराकडे नेली. किस्सा सांगता सांगता थोडा सजलाही असेल. पण परिणाम खरा आहे. पाठोपाठ उघड्या टपाची कॅब्रिओले आली, १९८४ मध्ये चारही चाकांना ताकद देणाऱ्या ९११ ने पॅरिस-डकार रॅली जिंकली, आणि ९११ ला हटवायला आलेली ९२८ स्वतःच १९९५ मध्ये बंद झाली.

पाणी शिरले

१९८८ च्या अखेरीस आलेली ९११ ची पुढची पिढी, कंपनीच्या भाषेत ९६४, बाहेरून जुनीच दिसे, पण कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे तिचे ८५ टक्के भाग नवे होते. पीळ देऊन काम करणाऱ्या जुन्या टॉर्शन बारच्या जागी कॉइल स्प्रिंग, शिवाय एबीएस आणि पॉवर स्टिअरिंग. १९९३ च्या ९९३ ने मागच्या चाकांची जोडणी नव्याने बांधून शेपटीचा तो जुना झोका बहुतांशी काबूत आणला. आज या दोन्ही पिढ्या देव्हाऱ्यात आहेत. त्या नव्या असताना मात्र कंपनी बुडायच्या बेतात होती. १९८० च्या दशकाच्या मध्यावर वर्षाला ५० हजारांवर गाड्या विकणारी पोर्शे १९९३ पर्यंत १४ हजारांच्या आसपास घसरली होती.

नवे प्रमुख वेंडेलिन वीडेकिंग यांनी टोयोटाच्या शिस्तीत मुरलेले जपानी सल्लागार झुफेनहाउझेनमधल्या आपल्या कारखान्यात बोलावले. सुट्या भागांचा अवाढव्य साठा बघून सल्लागार अवाक झाले, आणि वीडेकिंग यांनी हातात करवत घेऊन मांडण्यांचे वरचे कप्पे स्वतः कापून टाकले. भाग ठेवायला जागाच उरली नाही, की साठा करणार कुठे? त्याच काटकसरीतून ठरले की पुढची ९११ आणि स्वस्त बॉक्सस्टर यांनी दारे, दिवे आणि नाकापासून काचेपर्यंतचा भाग वाटून घ्यायचा.

आणि ही नवी ९११, म्हणजे १९९७ ची ९९६, पाण्याने थंड होणार होती. कारणे हौशीची नव्हती. धूर कमी करून ताकद वाढवायची तर प्रत्येक सिलिंडरला चार व्हॉल्व्ह हवेत, आणि चार व्हॉल्व्हांच्या मधली तापलेली जागा नुसत्या हवेने नीट थंड होत नाही. पाण्याचे आवरण आवाजही गिळते. अभियंत्यांना यात वादाचे काही दिसत नव्हते. पण ज्यांनी ९११ म्हणजे मागच्या पंख्याची ती कोरडी घरघर अशीच ओळख कानात साठवली होती, त्यांच्यासाठी मार्च १९९८ च्या अखेरीस शेवटची एअरकूल्ड गाडी बाहेर पडली तेव्हा एक पर्व संपले. दिव्यांनी तर कहरच केला. गोल दिव्यांच्या जागी इंडिकेटर पोटात घेतलेले, बलक फुटून पसरल्यासारखे दिवे आले. त्यांना 'तळलेले अंडे' हे नाव चिकटले ते कायमचे. वर इंजिनातले एक मधले बेअरिंग काही गाड्यांत निकामी होऊन अख्खे इंजिन जाऊ लागले आणि अमेरिकेत प्रकरण सामूहिक दाव्यापर्यंत गेले.

तरीही हिशेब हिशेबाच्या जागी असतो. ९९६ खपली. शर्यतीच्या धाटणीच्या ९११ चे जीटी३ हे नावही याच पिढीत, १९९९ मध्ये जन्मले. २००४ च्या ९९७ ला गोल दिवे परत मिळाले, पण हवेचे इंजिन परत मागण्याचा प्रश्नच उरला नव्हता.

कोण काय म्हणते

या टप्प्यावर मतांची विभागणी स्पष्ट झाली आणि ती आजही साधारण तशीच आहे.

एक पक्ष मांडणीवाल्यांचा. सहा सिलिंडरचे बॉक्सर इंजिन मागच्या ॲक्सलमागे, पुढे दोन मोठ्या आणि मागे दोन नावापुरत्या जागा, आणि छपरापासून शेपटीपर्यंत एका ओघात उतरणारी रेषा. एवढे शाबूत असेल तर थंड कशाने होते, गिअर कोण बदलते, हे गौण. कंपनीची अधिकृत भूमिका बहुतेक वेळा हीच असते. पण कंपनीचाच इतिहास तिला आडवा येतो. १९९८ मध्ये ल माँची २४ तासांची शर्यत जिंकणाऱ्या ९११ जीटी१ मध्ये इंजिन मागच्या ॲक्सलच्या पुढे होते, आणि २०१७ च्या ९११ आरएसआर या शर्यतीच्या गाडीतही. नाव ९११, पण जिच्यावर सगळी ओळख उभी, ती मांडणीच उलटी.

दुसरा पक्ष अनुभवाचा. यांच्या दृष्टीने ९११ हातापायांना कळली पाहिजे : फरशीतून वर आलेले पेडल, रस्त्याची खडी बोटांना सांगणारे स्टिअरिंग, समोर पाच गोल डायल आणि त्यांच्या मधोमध इंजिनाच्या फेऱ्यांचा. जुन्या गाडीचे ऑइल तपासायचे तर इंजिन गरम हवे, चालू हवे आणि गाडी सपाट जागी हवी. बंद इंजिनावर पट्टी काढली तर ती खोटे बोलते. अशा कटकटींचीही यांना माया असते. त्यांचा सर्वांत भक्कम मुद्दा आकाराचा आहे. पहिली ९११ होती ४,१६३ मिलिमीटर लांब आणि १,६१० रुंद, वजन १,०८० किलो. आजची ४,५४२ लांब, १,८५२ रुंद आणि दीड हजार किलोंच्या घरात. पाणी की हवा या भांडणापेक्षा ही वाढ ९११ च्या स्वभावाला जास्त भिडते, पण चर्चेत पाणीच जास्त सांडते.

या पक्षाची दुखरी नस म्हणजे स्मरणरंजन. ओल्या रस्त्यावर याच जुन्या गाड्यांनी किती जणांना कुंपणात नेले, ते सोयीने विसरले जाते. लॉस एंजलिसच्या सिंगर या कंपनीने २००९ पासून जुन्या ९६४ नव्याने घडवून द्यायचा उद्योग उभारला, तोही कार्बन फायबरचे अंग आणि आजचे शॉक ॲब्सॉर्बर लावून. म्हणजे हवी असते ती आठवणीतली गाडी.

तिसरा पक्ष घड्याळाचा. ९११ शर्यतीतून घडली, तेव्हा जे तिला वेगवान करते ते तिचेच, असा त्यांचा साधा न्याय. २००८ मध्ये आलेला दुहेरी क्लचचा पीडीके गिअरबॉक्स माणसापेक्षा झटपट गिअर बदलतो, मग माणसाने तो का बदलावा? २०१३ ची जीटी३ याच न्यायाने फक्त पीडीकेसह आली, सोबत वळणारी मागची चाकेही आली. आधी तिच्याच इंजिनांनी दगा दिला : बोल्ट सुटून गाड्यांना आग लागली आणि कंपनीने विकलेल्या सर्व ७८५ गाड्यांची इंजिने बदलून दिली. पण तिसऱ्या पक्षाला खरा धक्का गिऱ्हाइकांनी दिला. २०१६ मध्ये कंपनीने ९११ आर ही हलकी गाडी काढली, हाताने गिअर बदलायची, संख्या अवघी ९९१. त्या हातोहात गेल्या आणि पाठोपाठ मूळ किमतीच्या कित्येक पटींनी फिरू लागल्या. पुढच्याच वर्षी जीटी३ मध्ये क्लचचे पेडल परत आले.

बॅटरी आणि पुढचे

२०११ ते २०१९ च्या दरम्यान बदल भराभर झाले. ९९१ या पिढीत ॲक्सलमधले अंतर १०० मिलिमीटरने वाढले, म्हणजे १९६९ चाच इलाज जवळपास दुप्पट मात्रेत. स्टिअरिंगला विजेची मदत आली आणि 'हाताला काही कळत नाही' ही ओरड सुरू झाली. २०१५ पासून साध्या कॅरेरालाही टर्बो बसले.

मे २०२४ मध्ये आलेल्या कॅरेरा जीटीएसने हायब्रिडचा उंबरठा ओलांडला. ही विजेवर चालणारी गाडी नव्हे. नुसत्या बॅटरीवर ती जागची हलतही नाही. ३.६ लिटरच्या इंजिनाला एकच टर्बो आहे, आणि त्याच्या दांड्यावर विजेची मोटर बसवली आहे. ती पंखा आधीच फिरवून ठेवते, त्यामुळे १९७४ च्या टर्बोचा तो जीवघेणा विलंब जवळपास नाहीसा झाला. दुसरी मोटर गिअरबॉक्समध्ये. बॅटरी अवघी १.९ किलोवॉट-तासांची, एकूण ताकद ५४१ हॉर्सपॉवर. वजन सुमारे ५० किलोंनी वाढले, तरी नुर्बुर्गरिंगच्या शर्यतमार्गावर आधीच्या जीटीएसपेक्षा ८.७ सेकंद कमी लागले. घड्याळवाल्यांचा प्रश्न मिटला. मांडणीवालेही शांत आहेत, कारण सहा सिलिंडर अजून मागेच आहेत. अनुभववाल्यांची तक्रार अशी, की ही जीटीएस फक्त पीडीकेत मिळते. हाताचा गिअर हवा असेल तर आता कॅरेरा टी किंवा जीटी३ कडे वळावे लागते.

खरा पेच पुढे आहे. विजेच्या गाडीत जड बॅटरी तळाशी पसरते आणि मोटर कुठेही बसते. मागच्या ॲक्सलमागे काही लटकवण्याचे कारणच उरत नाही. ९११ पूर्णपणे विजेवर गेलीच तर ती आपली सर्वांत शेवटची गाडी असेल, असे कंपनी सांगत आली आहे. पेट्रोल इंजिन जिवंत ठेवण्यासाठी तिने चिलीच्या दक्षिण टोकाला, पुंता अरेनासजवळच्या हारू ओनी प्रकल्पात पैसे घातले. तिथे वाऱ्याच्या विजेवर पाण्यातून हायड्रोजन काढून कृत्रिम इंधन बनवतात. २०२२ मध्ये पहिली ९११ तिथेच त्या इंधनाने भरली. पण अशा इंधनाला लागणारी वीज सरळ बॅटरीत घातली तर गाडी कितीतरी लांब जाते, हा टीकाकारांचा आक्षेप खोडून निघालेला नाही. २०३५ नंतर नव्या गाड्यांत पेट्रोलला किती सूट द्यायची, याचा युरोपातला खलही मिटलेला नाही. आजच्या हायब्रिड गाड्यांची बॅटरी आणि मोटर तीस वर्षांनी दुरुस्त करता येतील का, हे तर तीस वर्षांनीच कळेल. पहिल्या ९११ ला अजून कुशल मिस्त्री सापडतो.

ताज्या मॉडेलमध्ये समोरचे डायलही गेले; आता पडद्यावर त्यांची चित्रे आहेत, हवे तर जुन्या पाच वर्तुळांसकट. किल्ली फिरवण्याचा प्रकार पहिल्यांदाच बंद होऊन बटण आले. ते स्टिअरिंगच्या डावीकडे आहे. ल माँच्या शर्यतीत चालक रस्ता ओलांडून धावत यायचे, उडी मारून बसायचे, आणि डाव्या हाताने किल्ली फिरवताना उजव्या हाताने गिअर टाकायचे, म्हणून पोर्शेत किल्ली डावीकडे, असे सांगतात. धावत येऊन सुरुवात करायची ती पद्धत १९६९ नंतर बंद झाली. जीटीएसमध्ये उजव्या हाताला टाकायला गिअरही नाही. बटण मात्र डावीकडेच आहे.